पहिल्या पानाच्या पुढे

४ जानेवारी

वन्सं,

पाकिटावर टाइप केलेला पत्ता बघून घाबरू नका, कोर्टाची नोटीस नाही. एकतीस वर्षं कोर्टात टाइपरायटर बडवण्यात गेली. आता हाताने लिहिलं तर माझं मलाच वाचता येत नाही.

तुमच्या भावाची तब्येत आहे तशीच आहे. डावा हात चांगला चालतो, उजवा पाय काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालतो, उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. बोलणं अजून आलेलं नाही. पाटीवर डाव्या हाताने एखाददुसरा शब्द लिहितात, तोही दमून. आठवड्यातून तीन सकाळी दवाखान्याची गाडी त्यांना व्यायामाला नेते आणि जेवायच्या वेळेला आणून सोडते.

पण पत्र त्यासाठी नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं, तर खिडकीजवळची आपली खुर्ची काठीने ढकलत ढकलत फिरवली आणि पियानोकडे पाठ करून बसले. दोन महिने झाले, पाठच आहे. गेल्या आठवड्यात पाटीवर लिहिलं, "पियानो शाळेला." कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मागे कधीतरी विचारलं होतं. त्यांना कळवलं. परीक्षा आटोपल्या की एक जूनला त्यांची गाडी येणार.

वन्सं, पंचेचाळीस वर्षं ज्याने लोकांचे पियानो सुरात लावले, त्याच्या घरातून पियानो गेला तर मागे काय राहील? मी डॉक्टरांना म्हटलं, तो गेला की हेही बसल्याजागी जातील. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पियानो लावून झाला की हे एकच धून वाजवायचे, आठवते ना? कोर्टाच्या सभागृहात ते कामाला आले होते, मी शेजारच्या खोलीत टाइप करत होते. ती धून ऐकली आणि माझ्या मशीनवरचा कागद अर्ध्या ओळीवर तसाच राहिला. साहेब ओरडले तेव्हा भानावर आले. पुढे त्या माणसाशी लग्नच केलं. ती धून मला शिकायची आहे, एक जूनच्या आत. पाठीमागून कानावर पडली तर ती खुर्ची फिरेल. दुसरा उपाय मला सुचत नाही.

तुम्ही एवढ्या मुलांना शिकवता, एक म्हातारी जास्त झाली समजा. वय अठ्ठावन्न, बोटं दहा, अक्कल बेताची.

तुमची वहिनी


११ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दादा पियानोकडे पाठ करून बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढे येईना.

पत्राने पियानो शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पण तुम्हाला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय, त्यामुळे हाकते.

सोबत नोटेशनचं एक पान आहे. तुम्हाला हवी ती धून एवढीच. त्याच्या मागे मी पट्ट्यांचा नकाशा काढलाय. कुलपाच्या भोकाच्या वरची पांढरी पट्टी धरून डावी-उजवीकडे मोजा, कागदावरचं कुठलं टिंब म्हणजे कुठली पट्टी ते कळेल. पहिले दहा दिवस फक्त उजवा हात. पुढचे दहा फक्त डावा. दोन्ही एकत्र करायची घाई केलीत तर दोन्ही बिघडतील. आणि इतकं सावकाश वाजवा की तुमचा तुम्हाला कंटाळा आला पाहिजे. माझे विद्यार्थी इथेच मार खातात, कंटाळा यायच्या आतच वेग वाढवतात.

दादाला माझा निरोप सांगू नका. म्हणजे सांगा, पण विशेष काही नाही.

वन्सं


९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचा नकाशा पाठ झाला. ह्यांची गाडी कोपऱ्यावर वळली की मी पट्ट्यांवर खडूने आकडे घालते आणि परत यायच्या आत ओल्या फडक्याने पुसते. चोर तरी एवढी काळजी घेत असेल का!

पहिला आठवडा मी पियानोला दोष देत होते. नाचता येईना, अंगण वाकडं. मग उजवा हात वळला. मग डावा. आणि गेल्या मंगळवारी दोन्ही हात पहिल्यांदा एकत्र पडले. वन्सं, मी मागे वळून बघितलं. खोलीत कोणीतरी आलं असं वाटलं मला! कोणी नव्हतं. ते माझ्याच दोन हातांमधून आलं होतं. मी उठून पाणी प्यायले, दाराची कडी तपासली आणि परत येऊन तेवढंच पुन्हा वाजवलं. पुन्हा आलं.

आता सबंध पान येतं. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून कॅसेट भरली आहे, ती सोबत पाठवते. एकही चूक नाही, मोजून बघा. माझ्या हाताखालून चुकीची नकल कधी गेलेली नाही.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनी,

कॅसेट ऐकली. एकही चूक नाही, हे खरं आहे. कोर्टात चालेल.

मात्र दर काही सेकंदांनी एक झटका बसतो. आधी वाटलं, कॅसेटच अडकतेय. दुसऱ्यांदा पान समोर धरून ऐकली आणि एवढी हसले की शिकवणीला आलेली मुलगी घाबरली. वहिनी, कागदावरची ओळ संपली की तुम्ही थांबता! घंटी वाजली, कॅरेज मागे ओढलं, नवी ओळ. अहो, कागदाची रुंदी संपली म्हणून तिथे ओळ संपलीय. सूर संपलेला नाही. तो पुढच्या ओळीत तसाच चालत जातो.

दुसरं, तुमची सगळी बोटं सारख्या जोराने पडतात. टाइपरायटरवर ते बरोबर आहे, नाहीतर अर्धी अक्षरं पुसट उमटायची. इथे उजव्या हाताची करंगळी गाते, बाकीच्यांनी हळू बोलायचं. तुमच्या घरात तुम्ही बोलायला लागलात की दादा कसा गप्प बसायचा, तसं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाचव्या ओळीच्या मध्यावर एक जागा आहे. तिथे उजवं पेडल पायाने दाबून धरत दोन्ही हात उचलायचे आणि काहीही वाजवायचं नाही. तुम्ही ती जागा ओलांडून पळालात. तिथे थांबा. आत्ता वाजवलेलं कुठे जातं, ते ऐका. ती रिकामी जागा नाहीये वहिनी. लिहिणाऱ्याने ती लिहिली आहे.

रागावू नका. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने महिन्याभरात इतकं केलेलं नाही.

वन्सं


१४ मार्च

वन्सं,

रागावले होते. चार दिवस पियानो उघडला नाही. कॅरेजचं वाचून तर असा संताप आला की सांगू नका, कारण खरं होतं.

मग पाचव्या ओळीत थांबले. हात उचलून बसून राहिले. आधी रस्त्यावरची सायकल ऐकू आली, मग स्वयंपाकघरातला गळका नळ. आणि त्या सगळ्याच्या खाली तो सूर अजून होताच. बारीक होत होत तो लाकडात शिरला, माझ्या स्टुलापर्यंत आला आणि कुठे संपला ते मला सांगता येणार नाही. तीस-पस्तीस वर्षं मी ही धून ऐकली. ही जागा कधी ऐकली नव्हती! बायकोला नवऱ्याचं सगळं ठाऊक असतं म्हणतात. काय डोंबल ठाऊक असतं.

आता दोन बातम्या. गेल्या आठवड्यात व्यायामाहून आल्यावर हे पियानोपाशी थांबले. काठी बगलेत धरून डाव्या हाताच्या बोटाने मधली एकच पट्टी दाबली. कान दिला. ती वापरून वापरून किंचित उतरली असणार, मला काय कळतंय. मग माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत असल्याचं सोंग केलं, ताटात भाजीच नव्हती. पाटीवर काही लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची पाव फिरलेली होती. मी नाही फिरवली.

दुसरी बातमी तुमच्याबद्दल आहे. ह्यांच्या कपाटात लहान मुलांचं पियानोचं पुस्तक मिळालं. त्यातल्या प्रत्येक धुनेच्या शेवटी दोन उभ्या रेघा आहेत, एक बारीक आणि एक जाड. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या शेवटी त्या नाहीत. वन्सं, मी कोर्टातली बाई आहे. शेवटच्या पानाखाली सही नसली तर कागद अपुरा असतो, एवढं मला कळतं. ही धून पुढे आहे. बाकीची पानं पाठवा.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

पाठवते आहे. आणखी चार पानं आहेत. मधली दोन अवघड आहेत, तुमच्या हातांना झेपतील असं वाटत नाही. खुर्ची फिरायला पहिलं पानही पुरलं असतं.

इकडे परीक्षा जवळ आल्यामुळे सवड नाही.

वन्सं


१८ एप्रिल

वन्सं,

तुमच्या सात ओळींच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, कारण मी तुमच्या चार पानांत हरवले होते.

मी पस्तीस वर्षं एका घराच्या दारात उभी होते आणि दार म्हणजेच घर असं समजत होते. दुसऱ्या पानावर डावा हात खाली खाली जातो, ज्या पट्ट्यांना आमच्या घरात कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता तिथपर्यंत. तिथला पहिला सूर दाबला तर तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू आला. मग वर उजव्या हातात काय गर्दी होते! मला ती दोन पानं वाजवता येत नाहीत, एकेक मूठ दाबून नुसती चाचपडते. पण चाचपडतानाही अंगावर काटा येतो. एवढं सगळं पाच कागदांवर मावतं कसं?

आणि शेवटचं पान! ते म्हणजे पहिलंच पान आहे. मला खरं वाटेना, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पट्टीने ओळ धरत एकेक टिंब ताडून पाहिलं. तेच सूर आहेत, शेवटच्या दोन ओळी सोडल्या तर नकल बरहुकूम. पण मधल्या पानांतून गेल्यावर ते तेच राहत नाहीत. जे पहिल्यांदा नुसतं गोड होतं, ते आता सगळं माहीत असूनही गोड बोलणाऱ्या माणसासारखं वाटतं. मी ढसाढसा रडले. हे कोणीतरी टेबलाशी बसून लिहिलं, दीडशे वर्षांपूर्वी, आणि ते इतकी वर्षं माझ्या घरात पलीकडच्या पानावर होतं.

आता स्पष्ट विचारते. हे कधीही पहिल्या पानाच्या पुढे का गेले नाहीत? तुम्हाला माहीत आहे. एकच पान पाठवून "एवढीच" म्हणालात. पुढचं मागितलं तर सवड नाही. पस्तीस वर्षांत तुम्ही आमच्याकडे दोन दिवसांच्या वर राहिला नाहीत, आणि आलात की स्वयंपाकघरात बसता, पियानोच्या खोलीत नाही. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?

एक जूनला सहा आठवडे आहेत. खुर्ची अर्धी फिरली आहे. मला सगळं कळायला हवं.

वहिनी


२५ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय.

दादा सोळा वर्षांचा होता, मी अकरा. संगीतशाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. शहरातल्या मोठ्या सभागृहात, त्यांच्या मोठ्या पियानोवर. आम्ही दोघांनीही तो त्याआधी पाहिलासुद्धा नव्हता. दादा ही रचना वाजवणार होता आणि तो ती अशी वाजवायचा वहिनी, की आमचे गुरुजी वर्गाचं दार लावून घ्यायचे, बाहेरच्यांनी आवाज करू नये म्हणून. त्याला पुढे शिकायला पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. ऐकायला मोठी माणसं आली होती.

पानं उलटायचं काम माझं. त्याच्या डाव्या बाजूला मी उभी. त्याने मान हलवली की उलटायचं. पहिलं पान सुरू झालं आणि मी ऐकायला लागले. घरी शंभरदा ऐकलेलं, पण त्या मोठ्या खोलीत ते असं काही वाजलं की मी कोण आहे, कशाला उभी आहे, सगळं विसरले. पान संपलं. मी उलटलंच नाही. भानावर येऊन घाईने उलटलं, तोवर दादाने दुसऱ्या पानाचा पहिला सूर अंदाजाने वाजवला होता आणि तो थांबला.

दादा उठला आणि पियानोच्या मागे गेला. मला वाटतं, त्याला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो मागे लपला. मग पडदा पाडला. पुढे शिकायला जायचं त्याने नाकारलं. दुसऱ्याच दिवशी पियानो दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन बसला. मला एका शब्दाने बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या जागी गुरुजींनी मला पुढे शिकवलं. मी आज जी काही आहे, ती त्याच्या जागेवर बसलेली आहे. एवढी मुलं शिकवली, पण ही रचना मी कोणालाही शिकवलेली नाही. तुम्हीच पहिल्या.

आता तो पियानोकडे पाठ करून बसलाय, असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं तो सेहेचाळीस वर्षं पाठ करूनच होता, दिसायला लागली आत्ता. त्याला हे वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्यात धीर नाही.

वन्सं


२ मे

वन्सं,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. "रडू येत होतं म्हणून मागे लपला" इथे आले आणि एक आवाज झाला. आधी मला वाटलं ठसका लागला. पाणी आणायला उठले, तर हे हसत होते! सहा महिन्यांत ह्या माणसाच्या तोंडून निघालेला हा पहिला आवाज.

मग मी टाइपरायटर समोर ओढला आणि रीतसर जबानी घेतली. नकल खाली देते. त्यात माझा एक शब्दही नाही.

प्रश्न : पान उलटलं नाही म्हणून तुम्ही थांबलात का?
उत्तर : (मान हलवून) नाही.

प्रश्न : मग पुढचे सूर आठवले नाहीत का?
उत्तर : नाही. (साक्षीदाराने बोटाने कपाळावर टकटक केलं. पाचही पानं पाठ होती, असं विचारलं असता होकार.)

प्रश्न : पानं पाठ होती, तर बहीण तिथे कशाला उभी होती?
उत्तर : (पाटीवर) "हट्ट." (कोणाचा, असं विचारलं असता, "तिचा." तिला स्टेजवर यायचं होतं.)

प्रश्न : मग थांबलात कशामुळे?
उत्तर : साक्षीदार काठी घेऊन उठले, पियानोपाशी गेले आणि दुसऱ्या पानाचा पहिला सूर डाव्या हाताने वाजवला. तोंड वाकडं केलं.

प्रश्न : सभागृहातल्या पियानोचा हा सूर उतरलेला होता का?
उत्तर : जोरात होकार.

प्रश्न : आणि म्हणून तुम्ही एवढ्या लोकांसमोर वाजवणं सोडलंत?
उत्तर : होकार. (साक्षीदाराला खेद असल्याचं दिसलं नाही.)

प्रश्न : पियानोच्या मागे जाऊन काय केलंत?
उत्तर : (पाटीवर) "आत बघितलं."

प्रश्न : आत काय होतं?

वन्सं, ह्याचं उत्तर लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. दोनदा पुसलं. शेवटी पाटी माझ्याकडे फिरवली. त्यावर लिहिलं होतं, "बाप रे!"

मी विचारत गेले आणि ते मान हलवत गेले. त्यांनी तोवर पियानो कधी आतून पाहिलाच नव्हता. ती दोनशेच्या वर तारांची रांग, एकेका तारेला आपली खुंटी, एकेका पट्टीला आपली लोकरीच्या नमद्याची हातोडी. त्यातली एक तार जराशी सैल, तेवढ्याने सगळी धून लंगडी. सोळा वर्षांचा तुमचा दादा तिथे लपला नव्हता. बाहेर लोक त्याच्यासाठी हळहळत होते आणि तो आत डोकं घालून थक्क झाला होता! दुसऱ्या दिवशी तो म्हाताऱ्याच्या दुकानात रुसून बसला नाही, धावत गेला. एवढंसुद्धा तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचा दादा. तो तरी कधी काही सांगतो?

प्रश्न : मग पुढे कधीच पहिल्या पानाच्या पलीकडे का वाजवलं नाहीत?
उत्तर : (पाटीवर) "त्यांचं." (खुलासा विचारला असता साक्षीदाराने हाताने बाहेरच्या सगळ्या रस्त्याकडे दाखवलं.) पियानो सुरात लागला की नाही, हे कळायला एक पान पुरतं. पुढचं, ज्याचा पियानो त्याने वाजवायचं. बरोबर? होकार.

प्रश्न : आता पियानोकडे पाठ का?
उत्तर : साक्षीदाराने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला आणि सोडून दिला. (इथे जबानी थोडा वेळ थांबवावी लागली.)

प्रश्न : बहिणीविरुद्ध काही तक्रार?
उत्तर : (पाटीवर) "वेडी."

जबानी वाचून दाखवली, साक्षीदाराने डाव्या हाताने सही केली. खुर्ची आता पियानोसमोर आहे. पण गाडीचं विचारलं, तर पाटीवर पुन्हा "शाळेला". हाताचं दुःख खरं आहे वन्सं, ते हसण्याने जात नाही.

वहिनी


७ मे

वहिनी,

आज शिकवण्या रद्द केल्या. तुमचं पत्र किती वेळा वाचलं, ते विचारू नका.

मग उठले आणि माझ्या पियानोची पुढची फळी काढली. सेहेचाळीस वर्षं ह्याच्यासमोर बसते आहे, आत कधी बघितलं नव्हतं. दुरुस्तीवाला यायचा, मी त्याला चहा द्यायला उठायचे. एक पट्टी दाबली आणि ती इवलीशी हातोडी तारेवर पडून मागे आलेली पाहिली. पुन्हा दाबली. किती वेळ दाबत होते कोणास ठाऊक. दादाला सांगा, बाप रे.

एवढी वर्षं मी स्वतःला गुन्हेगार समजत होते आणि खटलाच नव्हता. रडावं की त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा, हेच कळत नाही. तो उजवा हात असा सोडून देतो, हे मात्र वाचवलं नाही. पियानो जाऊ देऊ नका वहिनी. काहीही करा.

वन्सं


२४ मे

वन्सं,

काहीही केलं.

तुमचं पत्र वाचून दाखवल्यावर मी ह्यांना म्हटलं, शाळेला द्यायचा तर द्या, पण दुसऱ्या पानाचा तो सूर आपल्या पियानोवरही उतरलाय. तुमच्या हातचा पियानो असा बेसूर जाणार का? बस, बरोबर दुखऱ्या जागी बोट पडलं. कपाटातून सूर लावायची चावी काढायला लावली. डाव्या हाताने खुंटी पिळायची सवय नाही, आणि खालची तार म्हणजे दोरखंड. शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये नमद्याच्या पाचरा बसवायच्या, ते काम माझं. पट्टी दाबायची, तेही माझं. चार दिवस लागले. एका तारेला चार दिवस! पूर्वी ह्यांना चार मिनिटं लागायची. कान लावून असे बसायचे की मला श्वास घ्यायची चोरी. पाचव्या दिवशी सकाळी चावी बाजूला ठेवली आणि मान हलवली. मी पट्टी दाबली. वन्सं, तो सूर खोलीत उभा राहिला. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मग मी सरळ शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, तुम्हाला आमचा पियानो हवाय कशाला? म्हणाल्या, शाळेचा आपला आहे, पण पंधरा वर्षं बिघडलेला पडलाय. मी घरी येऊन तेवढं सांगितलं आणि गप्प बसले. ह्यांनी पाटी मांडीवर ओढून घेतली. मग लिहिलं, "बघू." जूनच्या एक तारखेला गाडी येणार आहेच. ती पियानो नेणार नाही, आम्हा दोघांना शाळेत नेणार आहे. कान आणि डावा हात ह्यांचा, उजवा हात माझा. लावून झाला की पहिलं पान मी वाजवायचं, असं ठरलंय. पुढचं पोरांचं.

आणि आता मुख्य गोष्ट. ती मधली दोन पानं. जबानी झाल्यापासून मी ह्यांच्यासमोर उघड सराव करते. माझा डावा हात खालच्या सुरावरून वर उडी मारेपर्यंत गाडी चुकायची, तुम्ही म्हणाला होतात तसंच. परवा मी तिथेच अडखळले, तेव्हा हे खुर्चीतून उठले, माझ्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि खालचे सूर स्वतः वाजवायला लागले. मला फक्त मधले आणि वरचे उरले. सावकाश, फार सावकाश, पण आम्ही दुसऱ्या पानावरून तिसऱ्यावर गेलो. तिसऱ्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की हे सगळं तीन हातांनी चाललंय आणि ऐकताना एकच माणूस वाजवतोय असं वाटतंय. मी बघितलं तर ह्यांचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण हलत होते.

आणि मग सगळं बंद पडलं. पान संपलं. माझे दोन्ही हात गुंतलेले, ह्यांचा एक गुंतलेला. ह्यांना पाचही पानं पाठ आहेत, पण मला कागदाशिवाय जमत नाही, नकल करणारीची खोड. दोन दिवस हेच चाललंय. दर पानाला थांबतो, मी उलटते, पुन्हा सुरू करतो, आणि हे दर वेळी तेच वाकडं तोंड करतात.

आज जेवण झाल्यावर पाटी मागून घेतली. लिहिलं, "पान कोण उलटणार?" मी म्हटलं, मला काय विचारता, तुम्हीच सांगा. तर त्याच्या खाली लिहिलं, "ती."

नुसतं वाचायला नाही, तुम्हाला टाइप करून पाठवायला सांगितलं. म्हणून केलं.

तुमची वहिनी


२७ मे

वहिनी,

चौथा हात शनिवारच्या गाडीने निघतोय. मुक्काम दोन दिवसांचा नाही, पाचही पानं होईपर्यंतचा आहे. माझं अंथरूण पियानोच्या खोलीत घाला.

दादाला सांगा, त्याने आठवणीने मान हलवावी. या वेळीही मी ऐकत बसणार आहे.

वन्सं